झोपलेल्या पेशीत एचआयव्ही थेट घुसतो की नाही?

रातकिडा:
प्रतिकारशक्तीची सीडी४ पेशी आधी ॲक्टिव्ह असते, एचआयव्ही तेव्हा शिरतो, मग ती मेमरी पेशी (जुनी लागण लक्षात ठेवणारी) होऊन झोपते आणि व्हायरस आत गप्प पडून राहतो, ही गोष्ट अशी सांगतात की जणू दुसरा रस्ताच नाही. मला नाही पटत. झोपलेल्या सीडी४ पेशीच्या पडद्याखाली ॲक्टिन प्रोटीनचं दाट जाळं असतं, मोठा अडसर तोच. पण २००८ मध्ये दिसलं की व्हायरसच्या अंगावरचं जीपी१२० प्रोटीन पेशीवरच्या सीएक्ससीआर४ या रिसेप्टरला जाऊन चिकटलं की आत सिग्नल जातो, कोफिलिन हे ॲक्टिन तोडणारं प्रोटीन जागं होतं आणि जाळं सैल करतं. म्हणजे आतली कडी व्हायरस बाहेरूनच काढतोय की! मग हा अपवाद कसला?

सरळसोट:
दारातून आत येणं वेगळं आणि बस्तान बसवणं वेगळं हो. आरएनएचा डीएनए करायला न्यूक्लिओटाइड (डीएनएच्या विटा) लागतात, ती झोपलेल्या पेशीत आधीच कमी, त्यात सॅमएचडी१ हे पेशीचंच एन्झाइम उरलीसुरली तोडत बसलेलं. एचआयव्ही-२ कडे त्याला हटवणारं व्हीपीएक्स प्रोटीन आहे, एचआयव्ही-१ कडे नाही. जे काम ॲक्टिव्ह पेशीत काही तासांत उरकतं त्याला इथे दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर सुटा डीएनए नासत जातो. क्रोमोसोममध्ये जोडलाच गेला नाही तर लेटन्सी (गप्प पडून राहणं) कुठली? शिवाय नवीन लागण बहुतेक वेळा सीसीआर५ हे दुसरं रिसेप्टर वापरणाऱ्या व्हायरसची असते, तुमचं कोफिलिन सीएक्ससीआर४ वालं.

टिकोजीराव:
त्याहून वाईट सांगू? टॉन्सिलच्या टिश्यूवर काम झालंय, तिथे हा अर्धवट डीएनए पेशीच्या लक्षात येतो आणि पेशी फुगून फुटते, पायरोप्टोसिस म्हणतात त्याला. थेट घुसखोरीतून गप्प व्हायरसचा साठा थोडा आणि मढी जास्त.

रातकिडा:
सीसीआर५ चं मान्य, तिथे मी घाई केली. पण रक्तातून काढून नळीत ठेवलेली पेशी आणि लिम्फ नोडमधली पेशी एक नव्हे. तिथे सीसीएल१९, सीसीएल२१ ही पेशींना खुणावणारी प्रोटीनं असतात आणि सीसीएल१९ दिलं की पेशी ॲक्टिव्ह न होताही व्हायरस इंटिग्रेट होतो, म्हणजे क्रोमोसोममध्ये जोडला जातो, हे २००७ पासून माहीत आहे. आणि २०१४ चा माकडांचा प्रयोग घ्या ना, एसआयव्ही (माकडांचा एचआयव्हीसारखा व्हायरस) दिल्यावर तिसऱ्या दिवशीच औषधं सुरू केली, रक्तात व्हायरस दिसायच्याही आधी, तरी औषधं थांबवल्यावर तो परत आला. तीन दिवसांत पेशी जागी होऊन, लागण होऊन, परत झोपली कधी?

सरळसोट:
अर्धवट झोपलेली असेल तर? डोळे मिटायला लागलेली पेशी, सीसीआर५ अजून अंगावर, न्यूक्लिओटाइड संपायची आहेत, पण जीन्स मंदावायला लागलेत. असल्या पेशीत व्हायरस जोडलाही जातो आणि लगेच गप्पही होतो, व्हायरसची जीन्स चालू करणारं पेशीचं एनएफ-कप्पा-बी खाली आणि व्हायरसचं स्वतःचं टॅट प्रोटीन पुरेसं नाही म्हणून. २०१९ मध्ये एचआयव्ही असलेल्या काही बायकांच्या साठ्यातले व्हायरस त्यांच्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिले, बहुतेक औषधं सुरू होतानाच्या सुमाराचे निघाले. सगळी वर्षं सारखंच साठत असतं तर असं दिसलं नसतं. औषधांनी व्हायरस उतरतो, पेशी शांत होतात, आणि तेव्हाच दारं मिटतात.

टिकोजीराव:
म्हणजे दोघंही एकाच पेशीबद्दल भांडताय, एक म्हणतो झोपलेली, दुसरा म्हणतो झोपत असलेली 😄

रातकिडा:
हसा! पण औषधं सुरू करतानाच पेशींना झोपू न देणं हा उपाय असेल, तर ही जांभई कितव्या तासाला सुरू होते ते माहीत पाहिजे ना. आणि तिसऱ्या दिवसाचं माकड त्यात बसत नाही, ते आधी सांगा.