'मेड इन इंडिया' तुमच्यापर्यंत कसं पोचलं? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी अनुभव धागा

अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ सालचं. चाल बिद्दूची. हा मूळचा बंगळुरूचा, पुढे लंडनला जाऊन तिथलाच झालेला. कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' यानंच केलं आणि १९७४ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं 'आप जैसा कोई'ही त्याचंच. 'मेड इन इंडिया' आधी नाझियाकडेच गेलं होतं, असं सांगतात. पाकिस्तानी मुलीनं हे शब्द गायचे म्हणजे घरी जाऊन काय तोंड दाखवायचं? तिनं नकार दिला, गाणं अलिशाकडे आलं. मॅग्नासाउंडनं कॅसेट काढली, केन घोषनं व्हिडिओ केला, लाकडी पेटीतून मिलिंद सोमण निघाला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

मला तुमचं हवंय. कुठल्याही सिनेमात नसलेलं गाणं नौपाड्यात, वाशीत, ऐरोलीत घरोघरी गेलं कसं, आणि अजून टिकलं कसं? 'ते दिवसच वेगळे होते' एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका.

वागळे_पॅकिंगवाला

वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. माल आखातात जायचा. लाकडी खोक्यावर पत्र्याचं स्टेन्सिल धरायचं आणि काळ्या रंगानं 'मेड इन इंडिया' मारायचं, हे माझं रोजचं काम. हात कोपरापर्यंत काळे. त्या अक्षरांकडे मी कधी अक्षरं म्हणून बघितलंच नव्हतं.

गाणं आलं आणि खात्याची शिस्त गेली. एक तर रंग मारताना कोणीतरी गुणगुणणारच. त्यात व्हिडिओत सोमण खोक्यातून बाहेर येतो म्हटल्यावर विचारू नका. आमच्यातला एक बारीक, काळा, चष्मेवाला पोरगा होता. त्याला रिकाम्या खोक्यात बसवून वर फळ्या ठेवल्या आणि डिस्पॅचच्या बाईंना 'मॅडम, माल चेक करा' म्हणून बोलावलं. बाई किंचाळल्या. सुपरवायझर आला, मेमो निघता निघता राहिला, पण पोराचं नाव 'सोमण' पडलं ते पडलंच. त्याच्या लग्नात वरातीच्या बँडला आम्ही दुसरं काही वाजवूच दिलं नाही. क्लॅरिनेटवर ही चाल फार गोड वाजते, कधी ऐकली नसेल तर ऐका.

कारखाना नंतर बंद झाला. आता त्या जागी काचेची इमारत आहे.

नौपाड्याची_माई

आमच्याकडे केबल उशिरा आली, मुलाची दहावी होती ना. मी व्हिडिओ शेजारच्या वहिनींकडे पाहिला. गाण्यापेक्षा चर्चा सोमणचीच. आमच्या ह्यांना तो पोहण्यातला राष्ट्रीय विजेता म्हणून माहीत होता. ते सारखं सांगत, 'अगं, दादरचा मुलगा आहे, चांगल्या घरातला.' जणू स्थळच आलंय! त्याच वर्षी त्याची ती बुटांची जाहिरात गाजली, अजगरवाली. त्यानंतर ह्यांनी 'चांगल्या घरातला' म्हणणं बंद केलं.

ऑर्केस्ट्रा_ताई

मी त्या काळात ठाण्या-कल्याणकडच्या ऑर्केस्ट्रांत गायचे. गणपती, नवरात्र, सत्यनारायण, कधी नशीब उघडलं तर गडकरी रंगायतन. गाणं सोपं आहे असं सगळे समजतात. माझा गळा लताबाई-आशाबाईंच्या गाण्यांवर तयार झालेला, आणि इथे अलिशा अर्धं गाणं खालच्या पट्टीत, माईकला ओठ लावून, जवळजवळ बोलल्यासारखं गाते. जोर लावला की गाणं मेलं. न लावता गायचं, तर मंडपातल्या स्पीकरमधून ऐकू जायचं फक्त ऑक्टोपॅड. शेवटी आमच्या कीबोर्डवाल्यानं दोन पट्ट्या वर चढवलं, तेव्हा कुठे जमलं.

पण मुख्य ओळ आली की मला गावंच लागायचं नाही. पब्लिकच गायचं. माझ्या मते टिकण्याचं कारण हेच. ती ओळ कुणालाही जमते, बेसुऱ्यालासुद्धा. त्या वेळच्या बाकीच्या गाण्यांचं तसं नाही. लकी अलीचं 'ओ सनम' (१९९६) किती सुंदर! पण मंडपात घेतलं की लोक चहाला उठायचे.

एका मंडळानं तेव्हा माझी बिदागी बुडवली. नाव घेत नाही, बरीच वर्षं झाली. पण ह्याच गाण्याला तीनदा 'वन्स मोअर' घेतला होता, त्याचे तरी द्यायचे!

ऐरोली_सेक्टर

शाळेच्या गॅदरिंगला आम्ही नाच बसवला. बाईंनी साफ नकार दिला, 'प्रेमाची गाणी चालणार नाहीत.' मग एका पालकानं सुचवलं, हेच २६ जानेवारीला बसवा, देशभक्ती म्हणून. बाई तयार! मधल्या कडव्यांत ती नवरा शोधतेय, याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आम्ही तिरंगी ओढण्या घेऊन नाचलो.

धागाकर्ता

@ऐरोली_सेक्टर, हे भारी आहे. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतही १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर हमखास लागतं. आधी 'ऐ मेरे वतन के लोगों', लगेच हे. सेक्रेटरी डोळे पुसतात न पुसतात तोच पोरं नाचायला लागतात.

घणसोलीची_लेक

आमच्याकडे हळदीला बेंजो लागतो. माझ्या मामाच्या हळदीला कोळीगीतांच्या मध्येच पार्टीवाल्यांनी ही चाल घातली आणि एकाही बाईचा पाय थांबला नाही. आजी मला विचारते, 'यो आपलाच गाना हाय ना?' मी म्हटलं, हो. काय समजावणार होते?

२के_वाशी

माझा जन्मच २००१ चा. मला अलिशा 'कजरा रे'मुळे माहीत. 'मेड इन इंडिया' पहिल्यांदा कॉलेजच्या रेट्रो डेला ऐकलं. खरं सांगू? व्हिडिओ बघून हसू आलं. राजकन्या, महाल, हे सगळं परदेशी लोकांना दाखवायला बनवलेल्या भारतासारखं वाटतं. गाणं मात्र डोक्यातून जात नाही, हे मान्य.

वागळे_पॅकिंगवाला

@२के_वाशी, बाळा, तेव्हा परदेशी मालाला दारं नुकती उघडली होती. १९९१ नंतरची गोष्ट. दुकानात जो तो 'इम्पोर्टेड आहे का?' विचारायचा. 'मेड इन इंडिया' म्हणजे आमच्या पोरांच्या भाषेत टुकार. अशा वेळी कोणी नटूनथटून टीव्हीवर येऊन तेच ठसक्यात गायलं, तर महाल नकली असला तरी चालून गेला.

कॅसेटप्रेमी_कोपरी

सगळं ठीक, पण या गाण्याला डोक्यावर घेताना एक विसरू नका. बिद्दूचं खरं काम 'डिस्को दिवाने'. १९८१ मध्ये, ना केबल, ना व्हिडिओ, ना सोमण, निव्वळ गाण्यावर ते चाललं. 'मेड इन इंडिया'मधून चित्रं काढून घ्या आणि मग सांगा, किती उरतं.

ऑर्केस्ट्रा_ताई

@कॅसेटप्रेमी_कोपरी, आमच्या मंडपात कुठे होती चित्रं? तरी तीनदा वन्स मोअर. आणि 'डिस्को दिवाने' मीही गायलेय, त्याला एकदाच.