मान्यता औषधाला नसते, पिकासकट असते

कीटकनाशकांबद्दल एकांनी लिहिलंय, "फरिदाबादची मान्यता आहे ना, मग कुठल्याही पिकावर मारा." इथेच गाडी घसरते. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी समिती (हीच ती फरिदाबादची) नुसतं रसायन पास करत नाही; पीक, कीड, मात्रा आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे सगळं धरून मान्यता असते. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्केच घ्या, आपल्याकडे खोडकिडीला सर्रास वापरतात ते. त्याच्या लेबलवर टोमॅटोला ३ दिवस, वांग्याला २२ आणि उसाला तब्बल २०८ दिवस! औषध तेच, बाटली तीच.

आमचं शिरोळ तालुक्यात दोन एकर ऊस. तीन वर्षांमागं लागणीत (नव्या लावलेल्या उसात) कोथिंबीर टाकली होती. खोडकिडा दिसला म्हणून दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "उसाला मंजूर आहे, बिनधास्त मारा." उसाला मंजूर होतं हे खरंच. पण सरीतली कोथिंबीर पंधरा दिवसांत कोल्हापूरच्या मार्केट यार्डात जाणार होती, तिचं काय? घरी येऊन बाटलीसोबतची घडी उलगडली (अक्षरं इतकी बारीक की पोराला वाचायला लावली), कोथिंबिरीचं नावच नाही. शेवटी आधी कोथिंबीर उपटून विकली, मग उसाला आळवणी केली (औषध पाण्यातून मुळाशी ओतलं). तेवढ्यात थोडे कोंब गेलेच.

आणि युरोपशी तुलना करणाऱ्यांसाठी: तिकडे नव्या रसायनाला पहिली मान्यता जास्तीत जास्त १० वर्षांची, पुढं परत तपासणी. आपल्याकडच्या कायम नोंदणीला अशी मुदतच नाही.