मदत हवी आहे: तेरा वर्षं शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी, आधी काय उघडू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण अर्धवट माहिती दिली की अर्धवट उत्तरं येतात, म्हणून सगळं सांगतो.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९९२ची, पेट्रोल, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. नोंद सांगलीचीच, एमएच-१०. बाबांना रात्रीचं कमी दिसायला लागलं तेव्हा, २०१२च्या शेवटी, त्यांनी ती वाड्याशेजारच्या शेडमध्ये लावली, बॅटरी काढून घरातल्या इन्व्हर्टरला जोडली आणि वर ताडपत्री टाकली. नंतर तिला कुणी हात लावला नाही. बाबा २०१६ला गेले.

मी पुण्यात असतो, पंधरा दिवसांतून एकदा सांगलीला जाणं होतं. आईचं म्हणणं, पाडव्यापर्यंत एकतर चालती कर नाहीतर वजनावर दे. शेड भाड्याने मागणारा माणूस दोनदा येऊन गेलाय.

आत्तापर्यंत बघितलं ते असं. चारही टायर बसलेत. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार मांडला होता (आता नाही, पण वास आहे). टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास येत नाही, जुन्या व्हार्निशचा येतो. ऑइलच्या काडीवर ऑइल दिसतंय, काळं, पण पातळी ठीक. मागचं डावं चाक जाम आहे, गाडी ढकलली तर ते घासत येतं. गिअर पडतात.

दाजींचा सल्ला (पद्मिनीला ते जुन्या नावाने फियाटच म्हणतात): "फियाटला काही होत नाही. नवी बॅटरी आण, कार्बोरेटरमध्ये दोन झाकणं पेट्रोल ओत आणि सेल्फ मार." त्यांनी ऐंशीच्या दशकात स्वतः फियाट चालवलीय, त्यामुळे वाद घालता येत नाही. पण मला भीती वाटतेय.

प्रश्न एवढाच: कुठून सुरुवात करू? गाडी मेकॅनिककडे न्यायची तर ती हलत नाही, आणि मेकॅनिक घरी येतो तो हॉर्न वाजवून बघतो आणि "सोडा साहेब" म्हणतो.

उद्यमनगर:

दाजींना चहा द्या आणि चावी लपवा.

तेरा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरून गेलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा कोरड्या, त्यात थोडा गंज. अशात सेल्फ मारला तर एकतर रिंग तुटते नाहीतर लायनरवर (सिलिंडरच्या भिंतीवर) ओरखडा पडतो. दोन्हींत इंजिन उघडावं लागतं.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून दोन-तीन चमचे सोडा. तुम्ही पंधरा दिवसांनी जाता ना, तेवढा वेळ तसंच राहू दे, उत्तम. मग गिअर न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. फिरवायची दिशा घड्याळाच्या काट्याची. जिथं अडेल तिथं थांबा. पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही, हे लिहून ठेवा. अडलं तर परत ऑइल, परत दोन दिवस.

बाकी पेट्रोल, ब्रेक वगैरे नंतर सांगतो. आधी एक विचारतो. सांगलीत कुठे? २०१९ला पुराचं पाणी आलं होतं का तिथं?

कृष्णाकाठ:

गावभागात. हो, आलं होतं. ऑगस्ट २०१९ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा शेडमध्येही शिरलं. शेडची जमीन उंच आहे म्हणून गाडी बुडाली नाही, पण टायरवर चिखलाची रेघ आहे, साधारण चाकाच्या मधोमध. म्हणजे तिथवर आलं असणार. २०२१ला पायरीपर्यंतच आलं. हे मी आधी लिहायला हवं होतं का?

उद्यमनगर:

पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. आता सगळा क्रम बदलला. वर प्लगाला हात लावायच्या आधी खाली झोपायचं.

चाकाच्या मध्यापर्यंत पाणी म्हणजे इंजिनचं चेंबर (तळाशी ऑइल साठतं ते भांडं), गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल (मागची चाकं फिरवणारा गिअरांचा डबा), चारही ब्रेक ड्रम, सगळं चार-पाच दिवस पाण्यात होतं. काडीवर ऑइल दिसतं याला काही अर्थ नाही. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. पातळी "ठीक" दिसतेय ती कदाचित पाण्यानेच ठीक दिसतेय.

चेंबरचा नट एकदम काढू नका. खाली पसरट भांडं ठेवा आणि नट हळूहळू सैल करा. आत पाणी असेल तर आधी तेच ठिबकेल, मागून ऑइल. तेच डिफरन्शियलला आणि गिअरबॉक्सला. पहिल्यांदा काय बाहेर आलं त्याचा फोटो टाका.

डावं मागचं चाक जाम का, ते आता कळलं. हँडब्रेक ओढून ठेवलेला होता का?

पेठी पुणेकर:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विकून मोकळं व्हावं असं माझं प्रामाणिक मत. मीही वडिलांची फियाट उभी करायला गेलो होतो. इकडच्या एका गॅरेजवाल्याकडे सात महिने गाडी होती, परत आली तेव्हा कार्बोरेटर दुसराच आणि मूळ हबकॅप गायब. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर सुटे भाग पोत्याने मिळायचे. टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेत ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली, त्यानंतर दुकानदार जुना माल असा दाखवतात जणू दागिनाच आहे. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत विचारून बघा, भाव ऐकून विचार बदलेल.

उद्यमनगर:

पेठी, भाव वाढलेत हे खरं. पण पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, लोखंडी ब्लॉकचं, साधं. त्यात काही बिघडलं तर आमच्याकडे लेथवर होतं, बोअर मारून मिळतं. गाडी मेकॅनिककडे सोडून येऊ नये, एवढंच तुमच्या गोष्टीतून घ्यायचं.

कृष्णाकाठ: (बारा दिवसांनी)

अहवाल.

चेंबर: आधी पेलाभर स्वच्छ पाणी आलं, मग काळं ऑइल. दाजी शेजारीच उकिडवे बसले होते. काही बोलले नाहीत, नंतर स्वतः जाऊन रॉकेलचा डबा घेऊन आले.

गिअरबॉक्स: ऑइल बरं, पाणी नाही. डिफरन्शियल: ताकासारखं पांढरट. अक्षरशः ताक. फोटो टाकलाय.

हँडब्रेक ओढलेलाच होता. बाबांची सवय, सपाटीवरही ओढायचे. सोडला तरी चाक सुटत नाही.

मग प्लग काढून ऑइल सोडलंय. पाना लावून बघितला, पाव फेरा फिरला आणि थांबला. जोर केला नाही, शपथ.

उद्यमनगर:

पाव फेरा फिरला म्हणजे जीव आहे. परत ऑइल सोडा.

डिफरन्शियलमधून ताक निघालं ते सगळं काढा. मग साधं इंजिन ऑइल आणि थोडं डिझेल भरा, मागची चाकं जॅकवर घेऊन (खाली लाकडी ओंडके हवेतच, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका) हाताने फिरवा, परत काढा. ताक येणं बंद होईपर्यंत हेच. शेवटी ९० नंबरचं हायपॉइड ऑइल. गिअरबॉक्समध्ये मात्र तेच ओतू नका, तिथं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर न खरखरता पडावा म्हणून असतात त्या) असतात, जीएल-५ दर्जाचं ऑइल पितळ खातं. जीएल-४ लिहिलेलं घ्या.

चाक: हँडब्रेकची केबल मागून सैल करा, ब्रेकची अ‍ॅडजस्टमेंट मागे घ्या, ड्रमच्या कडेला गोल फिरत हलक्या हातोडीने ठोका. लायनिंग (ब्रेकच्या शूवरचा घासणारा थर) ड्रमला चिकटलंय, ते सुटेल. कदाचित लायनिंग ड्रममध्येच राहील आणि शू एकटा बाहेर येईल. चालतं, ते बदलायचंच आहे.

ब्रेकबद्दल एक सांगतो, इथं काटकसर नको. चारही व्हील सिलिंडर उघडा, आत हिरवट-तपकिरी चिखल असेल. मास्टर सिलिंडरचं किट, तिन्ही रबरी होज नवे. होज बाहेरून छान दिसतात पण आतून फुगलेले असतात, मग ब्रेक लागतो आणि सुटत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे कपाटातली अर्धी उघडी बाटली वापरू नका. दाजींना सांगा, ब्रेकचं रबर धुवायला रॉकेल किंवा पेट्रोल नाही, ब्रेक ऑइलच.

ब्रेकफेल:

पेट्रोलवर मी बोलतो, नावावर जाऊ नका. टाकी उतरवा. आत बॅटरी टाकून बघा (विजेरी म्हणायचंय). तळाला तांबडा गंज असेल तर टाकीत बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून घुसळा, मग सुकवा, उन्हात दोन दिवस. सुकली नाही तर सगळी मेहनत वाया.

आणि रबरी नळ्या. आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. १९९२च्या गाडीची नळी, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरं त्यासाठी केलेली नाहीत, ती फुगतात नाहीतर चिरतात आणि गळतात. गरम एक्झॉस्टच्या वर पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. नळीवर "आर-९" छापलेलं असेल ती घ्या, जरा महाग पडते. टाकी कधी गच्च भरू नका आणि पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

पहिल्यांदा सुरू करताना टाकी जोडूच नका. सलाइनच्या बाटलीसारखी एक बाटली बॉनेटला टांगून नळी थेट कार्बोरेटरला. शेजारी अग्निशामक सिलिंडर, पाण्याची बादली नाही.

कागदवाला:

सगळे नटबोल्टच बोलताय. कागद?

१९९२ची गाडी, म्हणजे पंधरा वर्षं २००७ला संपली. त्यानंतर पाच वर्षांचं नूतनीकरण झालं असेल तर २०१२. म्हणजे आता नोंदणी संपलेली, विमा नाही, पीयूसी नाही, आणि आरसीवरचे मालक हयात नाहीत. या गाडीने तुम्ही गल्लीच्या तोंडापर्यंतही जाऊ नका. अपघात झाला तर विमा नसलेली गाडी, सगळं तुमच्या अंगावर. आरटीओला तपासणीसाठी न्यायची ती ट्रकवर टाकून.

आधी मालकी: फॉर्म ३१, मृत्यू दाखला, वारसांची संमती. आई आणि बहीण असेल तर त्यांच्या सह्या. मालक गेल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, ती वेळ गेलीच आहे. मग फॉर्म २५ने नूतनीकरण. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीला नूतनीकरणाची फी १०,००० रुपये. वर उशिराचा दंड, महिन्याला ५०० या दराने. तो कुठल्या महिन्यापासून धरतात ते तिथं जाऊन विचारा, आकडा ऐकून घ्या आणि मग दाजींशी चर्चा करा. पर्यावरण कर वेगळा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही लागणार.

एक मोठी अडचण येऊ शकते. इतकी जुनी नोंद आरटीओच्या "वाहन" या संगणक प्रणालीत नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद त्यात चढवणं) करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही. मूळ आरसी पुस्तक हरवू देऊ नका. आणि तपासणीत चॅसिस नंबरचा पेन्सिलने घासून छाप घेतात. पुराच्या गंजात तो नंबर वाचता येतो का, हे आजच बघा. नाही आला तर पॉलिश पेपर मारून अंक खरवडून काढू नका, नंबर खोडल्याचा संशय येतो. नुसतं डिझेल आणि तारेऐवजी दातांचा ब्रश.

दिल्लीसारखा पंधरा वर्षांचा नियम आपल्याकडे नाही, तो घोळ कुणी मध्ये आणू नका. आणि "व्हिंटेज" म्हणून नोंद करायची तर गाडी पन्नास वर्षांची लागते, तुमची अजून तरुण आहे.

कृष्णाकाठ: (पुढच्या खेपेनंतर)

आधी कागदवाल्यांना: पुस्तक आईच्या ट्रंकेत मिळालं, लग्नातल्या शालूखाली. २०१२पर्यंतचा शिक्का आहे, तुमचं गणित बरोबर. चॅसिस नंबर दातांच्या ब्रशने उजळला, दोन अंक जरा पुसट पण वाचता येतात. आईच्या आणि ताईच्या सह्या होतील. पैशांचा आकडा ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात दोन वर्षांचं शेडचं भाडं झालं असतं." पण वजनावर द्यायचं नाव पुन्हा काढलं नाही.

इंजिन सुटलं! तिसऱ्या वेळी ऑइल सोडून दहा दिवसांनी पाना लावला तर लोण्यातून सुरी जावी तसा फिरला. नवीन २०डब्ल्यू-५० ऑइल, नवा फिल्टर. प्लगशिवाय सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवलं. मग प्लग लावले. करंट येत नव्हता. पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले, ठिणगीसाठी उघडझाप करणारे) पॉलिश पेपरने घासले, अंतर पत्त्याच्या कागदाने नाही तर गेजने लावलं, ठिणगी आली. बाटलीवरचं पेट्रोल, चोक ओढला, पाचव्या सेल्फला उठली. इतका पांढरा धूर झाला की शेजारच्या आजी बाहेर आल्या. चार मिनिटं चालवून बंद केली. खालून टकटक नाही. दाजी म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" मी गप्प.

आता अडलंय ते दोन ठिकाणी.

एक, क्लच. इंजिन बंद असताना गिअर पडतात, चालू असताना दाबूनही पडत नाहीत, नुसता खर्रर्र आवाज. पाण्यात प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असणार. गिअरबॉक्स उतरवण्याआधी काही करून बघता येईल का?

दोन, मागचं डावं ड्रम. सुटलं, पण आतून इतकं खड्डे पडलेलं आहे की लेथवर घेतलं तर फार पातळ होईल. सांगली-मिरजेत दोन दुकानं फिरलो, मिळालं नाही. कुणाकडे वापरलेलं, बऱ्या अवस्थेतलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जोडी मिळाली तर जोडी घेतो.

उद्यमनगर:

क्लच: इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवा, बंद करा. मागची चाकं ओंडक्यांवर हवेत, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. टॉप गिअर टाका, क्लच पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडलमध्ये लाकूड अडकवा, मग सेल्फने सुरू करा. चाकं फिरतील. आता मागचा ब्रेक हळूहळू दाबत जा. दहापैकी सहा वेळा "टक्" करून सुटतो. नाही सुटला तर उतरवायचा, त्याला इलाज नाही. अर्थात, मागचे ब्रेक बसल्यावरच हे करायचं, त्यामुळे आधी ड्रम.

ड्रमची जोडी माझ्या ओळखीच्या एकाकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे, कुठल्याशा टॅक्सीवरून उतरवलेली. शनिवारी बघून व्यास मोजून सांगतो. तुमच्या शूचं माप पाठवा, आणि येताना जुनं ड्रम घेऊन या.