खाली पगडीची दुकानं, वर बँक: वाटणीसाठी व्हॅल्युअर कसा निवडावा?

वैशाली_नाशिक
रविवार कारंज्याजवळ वडिलांची जुनी इमारत आहे. खाली दोन दुकानं, दोन्ही पगडीची, म्हणजे पूर्वी एकरकमी पैसे घेऊन भाड्याने दिलेली, भाडं नावापुरतं. वरचा मजला एका बँकेला दिलेला. वडील गेले. आता इमारत भावाने ठेवायची आणि आम्हा दोघी बहिणींना वाट्याचे पैसे द्यायचे असं ठरलंय. भांडण नाही, आणि ते होऊही द्यायचं नाही. भाऊ म्हणतो, त्याच्या सीएच्या ओळखीचा माणूस दोन दिवसांत रिपोर्ट देतो. धाकटी म्हणते, रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता बघा, विषय संपला. व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवून देणारा, चांगला की नाही हे ओळखायचं कसं?

सिन्नरकर
रेडी रेकनर स्टॅम्प ड्युटीसाठी असतो. वाटणी त्यावर करू नका. कर्जासाठी बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरने केलेला जुना रिपोर्ट असेल तर तोही नको. त्यात तारण घाईत विकावं लागलं तर किती येतील, असाही आकडा असतो. भाऊ तो कमी आकडा धरेल, तुम्ही बाजारभावाचा जास्त आकडा धराल.

निवृत्त_व्हॅल्युअर
वैशालीताई, याच व्यवसायात आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

नोंदणी दोन प्रकारची असते. एक संपत्तिकर कायद्याच्या कलम 34 एबी खालची. संपत्तिकर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला, ही नोंदणी राहिली. दुसरी कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 ची. ती परीक्षा घेऊन आयबीबीआय (दिवाळखोरी मंडळ, केंद्राची नियामक संस्था) देते. तिच्यात 'लँड अँड बिल्डिंग' हा वर्ग बघा, शेअर्सवाला किंवा मशिनरीवाला तुमच्या कामाचा नाही. घरगुती वाटणीला नोंदणीची सक्ती नाही, पण उद्या कागद कोर्टात गेला तर बिननोंदणीच्या माणसाचा आकडा टिकवणं जड जातं.

एवढ्याने भागत नाही. फोनवरच विचारा, "पगडीचं दुकान आणि बँकेचा मजला कसे धराल?" सगळ्याला एकच स्क्वेअर फुटाचा भाव सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मुळे जुना भाडेकरू सहजासहजी हलत नाही आणि भाडं वर्षाला 4 टक्केच वाढतं. बँकेला मात्र त्याच कायद्याच्या कलम 3 मुळे हे संरक्षण नाही. म्हणजे एकाच जिन्याच्या खाली आणि वर दोन निराळे हिशेब.

वरच्या मजल्याचं उदाहरण घ्या. भाडं महिना 60 हजार, म्हणजे वर्षाला 7.20 लाख. घरपट्टी, दुरुस्ती वगैरे 1.20 लाख वजा जाता 6 लाख उरले. हे 6 लाख म्हणजे किमतीवरचा वर्षाचा 8 टक्के परतावा धरला तर किंमत 75 लाख, 10 टक्के धरला तर 60 लाख. दोन टक्क्यांत पंधरा लाखांचा फरक! तो दर का धरला, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं हवं. शेजारच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचे सारांश उतारे, जोडलेले हवेत.

चांगला माणूस आधी कागद मागतो: प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, भाडेकरार, घरपट्टीची पावती. मग स्वतः येऊन मोजमाप घेतो. दोन दिवसांत हे सगळं होतं का, भावालाच विचारा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, नेमणुकीच्या पत्रावर तिघांच्या सह्या करा. फी आधी ठरवून तिघांनी भरा. किमतीच्या टक्क्यांत फी नको, आकडा फुगण्याची सोय होते.

वैशाली_नाशिक
काका, मनापासून आभार. भावाला हे वाचून दाखवलं. तिघांच्या सहीचं त्याला पटलं. माणूस आयबीबीआयच्या यादीतून शोधू म्हणाला.

सीए_पुणे
एक भर. पैसे घेऊन हक्कसोड करणार असाल तर दस्ताआधी कराचं विचारून घ्या. वडिलांनी जागा 1 एप्रिल 2001 आधी घेतली असेल तर करपात्र नफा मोजायला त्या तारखेची किंमतही याच व्हॅल्युअरकडून काढून घ्या. ती त्या दिवशीच्या स्टॅम्प ड्युटी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, तेव्हा 2001 चा रेडी रेकनर सोबत जोडायला सांगा.