मदत हवी आहे: आमवाताची जुनी गोळी आणि ईसीजीत वाढलेला क्यूटीसी

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आईला (वय 61) आमवात आहे. 2014 पासून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज 400 मिग्रॅ आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. बोटं वळतात, भाकऱ्या थापते, म्हणून औषधाबद्दल तक्रार कधी नव्हती.

मध्यंतरी खोकल्यासाठी जवळच्या दवाखान्यातून ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं आणि धडधड सुरू झाली. ईसीजीत क्यूटीसी (प्रत्येक ठोक्यात हृदयाला आकुंचन पावून पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) 482 आला. बायकांत साधारण 460 पर्यंत ठीक धरतात, 500 च्या पुढे ठोके बेताल होण्याची भीती. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन, दोन्ही औषधं क्यूटीसी वाढवतात. ॲझिथ्रोमायसिन थांबवलं, धडधड गेली, पण नंतरच्या ईसीजीतही आकडा 468 आहे.

मला खटकतंय ते वजन. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी सुरू झाली तेव्हा आई 64 किलोची होती, आता 52. हल्ली रोजचा डोस किलोमागे 5 मिग्रॅच्या आत ठेवतात, कारण जास्त डोसने डोळ्याचा पडदा खराब होऊ शकतो. त्या हिशेबाने 260 होतात, आणि चालू आहेत 400! वर्षानुवर्षं घेतल्यावर क्वचित हृदयाचा स्नायूही कमजोर होतो म्हणे. क्रिएटिनिनही थोडं वाढलंय, आणि किडनी मंदावली की हे औषध साठत जातं.

फॅमिली डॉक्टर म्हणतात, गोळी बंदच करा. पण ती शरीरातून जायला महिने लागतात, आणि सांधे पुन्हा भडकले तर? आमवातात सूज अंगात राहिली तरी हृदयाला धोका असतोच. नातेवाइकांचा सल्ला विचारू नका. हळदीच्या पेठेचं गाव, प्रत्येकाकडे हळदीचा काढा तयार.

संधिवाताच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर कार्डिऑलॉजिस्टना दाखवून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा का? पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायला दिलंय. गोळी बंद न करता नुसता डोस कमी करून कुणाचा क्यूटीसी खाली आलाय का? डोळ्यांची ओसीटी (पडद्याचं स्कॅन) कुणी दरवर्षी करतं का? आमची एकदाही झालेली नाही.

मिरज-सांगलीत हृदय आणि संधिवात दोन्ही एकत्र बघणारं कुणी माहीत असेल तर सांगा. पुण्याला न्यायची तयारी आहे, पण आईला गाडी लागते आणि उलटीची गोळी द्यायचीही आता धास्ती वाटते, कारण ऑनडॅनसेट्रॉनही क्यूटीसी वाढवणाऱ्यांतलंच.