मदत हवी आहे: फार्मसी रेसिडन्सीच्या इंटरव्ह्यूत पेशंट केसला गाडी अडतेय

मंडळी, अमेरिकेत फार्म-डीचं (फार्मसीची डॉक्टरेट पदवी) शेवटचं वर्ष चालूय, पीजीवाय-१ ला (पदवीनंतरचं रेसिडन्सीचं पहिलं वर्ष) अर्ज टाकलेत, जानेवारी-फेब्रुवारीत इंटरव्ह्यू. इथे रेसिडन्सी केलेलं कोणी असेल तर प्लीज मदत करा.

"प्रिसेप्टरशी (म्हणजे शिकवणाऱ्या फार्मासिस्टशी) मतभेद झाले तेव्हा काय केलंत" छापाचे प्रश्न पाठ आहेत, जरा जास्तच पाठ आहेत, मैत्रीण म्हणते बातम्या वाचल्यासारखी बोलतेस. ते होईल नीट. खरा घोळ केसचा आहे.

परवा मॉक (सरावाचा इंटरव्ह्यू) झाला. 20 मिनिटं, एक कागद, सत्तरीच्या बाई, युरिन इन्फेक्शन, बॅक्ट्रिम हे अँटिबायोटिक लिहिलेलं. मी लगेच क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचा हिशोब, डोससाठी लागतो) काढायला बसले, वजन कुठलं धरायचं, पौंडाचे किलो करा, त्यातच 12 मिनिटं गेली आणि औषधांच्या यादीत खाली सातव्या नंबरला वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) होतं ते मी बघितलंच नाही!! बॅक्ट्रिममुळे वॉर्फरिनचा असर वाढतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढतो, रक्तस्राव होऊ शकतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. समोरच्या सरांनी फक्त विचारलं, "अजून काही?" आणि मी शांतपणे नाही म्हणाले.

तर केस हातात आल्यावर पहिली दोन मिनिटं तुम्ही काय करता? आणि एखादी गोष्ट येतच नसेल तर "बघून सांगते" म्हटलेलं चालतं का, की तिथेच फुली?

उत्तर १: अगं, गणित शेवटी कर. आधी पूर्ण यादी वाच, प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी चालू आहे ते पेन्सिलीने लिही, कारण सापडलं नाही तर गोल कर. मग जीव घेईल असं काय आहे ते शोध, डोस नंतर. "बघून सांगते" चालतं, पण कुठे बघणार तेही सांग, नुसतं मोघम नको. ठोकून दिलेलं मात्र लगेच कळतं, मी आता पॅनेलवर बसते म्हणून सांगते. आणि "अजून काही?" विचारलं की समज काहीतरी राहिलंय, परत यादीवर जा.

उत्तर २: +१. शिवाय रेसिडेंट्सबरोबरच्या जेवणात सैल सुटू नकोस, त्यांचंही मत विचारतात. रँक लिस्ट (कुठली रेसिडन्सी कुठल्या क्रमाने हवी ती यादी) मात्र स्वतःच्या आवडीनेच लाव, कोण आपल्याला घेईल याचा अंदाज बांधत बसू नकोस.

धागाकर्ती: ताई, थँक्यू! काल जुनी केस काढून पेन्सिल घेऊन बसले, दोन गोल झाले. त्यातला एक ॲसिडिटीचं ओमेप्राझोल, कशासाठी चालू होतं कोणालाच पत्ता नाही 😅