वारं गेलं, लकवा, माइल्ड अटॅक... आणि जे वीस मिनिटांत निघून जातं त्याला काय म्हणायचं?

निशिगंध:
एक शब्द हवाय मला. का हवाय ते सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

मागच्या दिवाळीच्या आधी एका मंगळवारी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, वय 71, चहा पीत बसले होते आणि चहा ओठाच्या उजव्या कडेने ओघळून सदऱ्यावर आला. आई म्हणाली अहो लक्ष कुठाय, तर ते म्हणाले "किल्ली दे", हवा होता रुमाल. मग उठून अंगणात गेले तर उजव्या पायातली चप्पल उंबऱ्यातच राहिली, आणि ते तसेच एक पाय अनवाणी चालत राहिले, चप्पल सुटलीय हे त्यांना कळलंच नाही. वीसेक मिनिटांत सगळं जिथल्या तिथं. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं आणि तिथं आम्ही काय सांगितलं? "सकाळी जरा चक्कर आल्यासारखं झालं." त्यांनी बीपी बघितलं, वीकनेस आहे म्हणाले, आराम करा. आता विचार करते तर अण्णांना चक्कर आलीच नव्हती हो, काहीच गरगरलं नव्हतं, पण आमच्याकडं दुसरा शब्दच नव्हता म्हणून तो वापरला आणि डॉक्टरांनी त्या शब्दावर औषध दिलं.

गुरुवारी वरणभात कालवताना बोटं ऐकेनात. मग हॉस्पिटल, एमआरआय, मेंदूच्या डाव्या बाजूला छोटा ठिपका. गुरुवारचा तो मायनर स्ट्रोक आणि मंगळवारचा टीआयए, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून परत सुरू झाला, असं सांगितलं. आता चालतात, बोलतात, फक्त सही बदललीय, बँकेत नवीन नमुना द्यावा लागला.

नातेवाईक म्हणतात माइल्ड अटॅक होता, निभावलं. अर्धे विचारतात हार्टचा का? मला हे "माइल्ड" फार खुपतं. मराठीत याला नीट शब्द आहे का?

माणदेशी:
निशिगंधताई, अण्णा सावरले हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं सरळ "अंगावरून वारं गेलं" म्हणत्यात. हे वारं म्हणजे आयुर्वेदातला वात, अर्धांगवायू मधला वायू पण तोच. पण ह्याच शब्दानं घोळ होतो बघा, कारण म्हातारी माणसं वात म्हटलं की गॅस समजतात नाहीतर पंख्याखाली झोपल्यामुळं वारं लागलं म्हणतात, मग ओवा खायचा, हाताला तेल चोळायचं, आणि तेवढ्यात दोन तास गेले. खरं म्हणजे हा वारा-बिरा काही नसतो, मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते नाहीतर वाहिनी फुटते. तुमच्या मंगळवारच्या प्रकाराला मी म्हणेन "वारं चाटून गेलं", गोळी चाटून गेली म्हणतो तसं.

जुनी_वही:
लकवा हा मूळचा अरबी, लक्वा, आणि तिथं त्याचा अर्थ फक्त तोंड वाकडं होणं. आयुर्वेदात त्याला वेगळा शब्द आहे, अर्दित, आणि निम्म्या अंगाला पक्षाघात. म्हणजे जुन्या लोकांनी चेहरा आणि अंग वेगळं ओळखलं होतं, आपण मराठीत लकवा सगळ्यालाच लावून मोकळे झालो, आता तर पेपरात धोरणलकवा पण येतो. पक्ष म्हणजे बाजू, अर्धांग म्हणजे निम्मं अंग, दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात, की हे एका बाजूला होतं. अण्णांचं बघा ना, ओठ उजवा, पाय उजवा, नंतर हातही उजवा, आणि ठिपका डावीकडं, कारण मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते आणि बहुतेकांची भाषाही तिथंच असते, म्हणून रुमालाची किल्ली झाली.

अजून एक, "तोंड वाकडं केलं" आणि "तोंड वाकडं झालं" यात आपल्याकडं जमीन अस्मानाचा फरक आहे. केलं म्हणजे भाजी आवडली नाही, झालं म्हणजे गाडी काढा.

रुग्णसेविका:
मी नर्स आहे, वॉर्डात रोज ऐकते ते सांगते. नातेवाईक चार शब्द वापरतात, चक्कर, मुंग्या, अंधारी आणि बरळणं, आणि चारही शब्दांत खरी गोष्ट लपते.

मुंग्या किंवा झिणझिण्या म्हणजे काहीतरी जास्तीचं जाणवतं, पाय दुमडून बसल्यावर येतात तशा. यात बऱ्याचदा उलट होतं, जाणवणंच कमी होतं, त्याला बधिर म्हणा. चप्पल सुटलेली न कळणं ते हेच. अंधारी दोन्ही डोळ्यांपुढं येते, झटकन उठल्यावर. पण एकाच डोळ्यावर पडदा सरकल्यासारखं होऊन पाच दहा मिनिटांत परत दिसायला लागलं तर ते पण याच जातीचं, आणि लोक चष्मा पुसत बसतात. बोलण्याचे तर दोन वेगळे प्रकार, जीभ जड होणं, म्हणजे शब्द बरोबर पण उच्चार लडबडतो, आणि दुसरं शब्दच चुकणं. दुसऱ्याला घरचे "काहीतरी बरळतायत, झोप झाली नसेल" म्हणून सोडून देतात. चक्करसुद्धा कधीकधी स्ट्रोकचीच असते, विशेषतः सोबत एकाएकी तोल जायला लागला, दोन दोन दिसायला लागलं तर. आणि फिट समजून कांदा हुंगवणारे अजूनही भेटतात.

माणदेशीदादा, राग मानू नका, पण "चाटून गेलं" नको. गोळी चाटून गेली म्हणजे संकट टळलं. इथं टळलेलं नसतं. टीआयए नंतर तीन महिन्यांत साधारण दहातल्या एकाला मोठा झटका येऊ शकतो आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या दोन दिवसांतच. मंगळवार ते गुरुवार, बघा. उपचार लगेच चालू झाले तर हा धोका बराच कमी होतो. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी जायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

माणदेशी:
राग कसला ताई, पटलं. मागं घेतो.

जुनी_वही:
मग "पूर्वझटका" कसा वाटतो? पूर्वसूचना, पूर्वतयारी सारखा. झटका आहे हेही सांगतो आणि पुढं काहीतरी आहे हेही. क्षणिक पक्षाघात बरोबर असला तरी क्षणिक म्हटलं की माणूस सैल पडतो. आधी लक्षणं चोवीस तासांच्या आत गेली की टीआयए असं म्हणायचे, आता एमआरआयवर मेंदूला इजा दिसली नाही तर टीआयए, दिसली तर स्ट्रोक, मग लक्षणं तासाभरात गेली तरी. म्हणजे क्षणिक होता की नाही हे घरात बसून ठरवताच येत नाही.

निशिगंध:
पूर्वझटका आवडला. मी वापरणार. पण रुग्णसेविकाताई, फोनवर किंवा डॉक्टरांना सांगताना हाच शब्द बोलायचा का? आमची चूक तिथंच झाली ना, एका शब्दात सांगायला गेलो.

रुग्णसेविका:
नाही, तिथं नामच नको, क्रियापदं सांगा. "सकाळी सातला एकाएकी ओठ उजवीकडं लोंबला, चहा सांडला, रुमालाला किल्ली म्हणाले, चप्पल सुटली ते कळलं नाही, वीस मिनिटांत बरं झालं." एवढं ऐकल्यावर चक्कर कोणी म्हणणार नाही. "एकाएकी" हा शब्द विसरू नका, तोच सगळ्यात महत्त्वाचा. आणि वेळ, म्हणजे शेवटचं नीट कधी बघितलं ती वेळ, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर घड्याळ रात्रीपासून धरतात. इंग्रजीतलं फास्ट (फेस, आर्म, स्पीच, टाइम) वगैरे आजीला सांगून उपयोग नाही, तिला सांगा, हसायला लावा, दोन्ही हात समोर धरायला लावा, "आज पाऊस येईल का" एवढं म्हणायला लावा. तिन्हीतलं एक जरी वाकडं गेलं तर 108. ॲस्पिरिन घरी देऊ नका, गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. पाणी, चहा पण नको, गिळताना ठसका लागून फुप्फुसात जातं.

निशिगंध:
तुमचं ते वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली "लोंबला" हा शब्द तिला त्या दिवशीच सुचला होता, पण डॉक्टरांपुढं बरा दिसणार नाही म्हणून चक्कर म्हणाली.

कोकणात, खानदेशात, विदर्भात राहणाऱ्यांनी जरा सांगाल का, तुमच्याकडं हात बधिर होणं, तोंड वाकडं होणं याला घरातले म्हातारे नेमकं काय म्हणतात? माझ्या सासूबाई जळगावच्या आहेत, एकट्या राहतात, फोनवर त्या जो शब्द वापरतील तो मला आधीच माहीत असायला हवा.